परतबोल

दाताच्या डॉक्टरणीच्या बाहेरच्या खोलीत माशांची काचपेटी होती आणि तिच्या तळाशी हवा सोडणारा एक छोटा पंप. दात कोरून घेताना माणूस कशावर तरी लक्ष लावून बसतो. मी त्या पंपाच्या गुणगुणीवर लावलं होतं. इंजेक्शनमुळे अर्धा जबडा, खालचा ओठ आणि जिभेची एक कड माझी राहिली नव्हती, पण कान माझे होते. ती गुणगुण विजेची असते. शहरातला प्रत्येक पंप, प्रत्येक जुन्या नळीदिव्याची पेटी, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, सगळे एकाच सुरात असतात, आणि शंभर कोसांवरच्या दुसऱ्या शहरातले पंपही त्याच सुरात. तो सूर हलू न देणं ही माझी नोकरी. मी कान देऊन ऐकत होते आणि तो हलला. फ्यूज उडतो तेव्हा आवाज मध्येच तुटतो. हा तुटला नाही. बोलता बोलता एखाद्यानं पाय गळून खाली बसावं तसा तो खाली उतरला, एकदा वर यायची धडपड केली, आणि मग गेला. डोक्यावरचा दिवा गेला, तोंडातलं यंत्र थांबलं. डॉक्टरीण सहज म्हणाली, "गेले वाटतं. येतील आत्ता."

मी गळ्यातला कागदी रुमाल ओढून काढत उठले. "अहो, दात उघडा आहे!" ती ओरडली. "भोक पाडून ठेवलंय मी!" मला सांगायचं होतं की बाई, हा तुमच्या इमारतीचा प्रश्न नाही, सगळं जाळं बसलंय, आता दिवे संध्याकाळपर्यंत आले तरी नशीब. पण ओठाशिवाय एवढं वाक्य होत नाही. मी नुसता खिडकीबाहेर हात केला. तिनं पाहिलं: चौकातले सिग्नल मेलेले, समोरच्या केशकर्तनालयातून एक गृहस्थ अर्धी दाढी करून आणि अर्धी घेऊन फुटपाथवर आलेले. तिनं माझ्या दातात औषधाचा बोळा कोंबला. "सुन्नपणा उतरला की दुखेल," ती म्हणाली. "खूप दुखेल. तेव्हा माझ्या नावानं ओरडू नका."

आमची इमारत तिथून चालत जवळ होती. रस्ताभर लोक बाहेर येऊन वर बघत होते. वीज गेली की लोक आकाशाकडे का बघतात हे मला कधी कळलेलं नाही. पावसासारखी ती वरून येते असं कुठेतरी मनात असावं. खरं तर ती कुठूनच येत नाही, ती त्याच क्षणी बनवावी लागते. कुणी बटण दाबलं की त्या घटकेला कुठेतरी एका अवजड चाकावर तेवढाच भार वाढतो, चाक कणभर मंद होतं, आणि कुणीतरी तिथे पाणी किंवा वाफ कणभर वाढवतो. साठवण जवळजवळ नाहीच. कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन दिव्याचं बटण कितीतरी वेळ चालू-बंद करत बसले होते. इतक्या लोकांनी, एकमेकांना न ओळखता, दर क्षणी एकमेकांशी इतकं बरोबर वागायचं, आणि ते जमतं, हे मला भयंकर वाटलं होतं. भयंकर आणि सुंदर. दादानं शेवटी माझा हात धरून बटणावरून बाजूला केला होता. "शहाणे, बिल बाबा भरतात."

नियंत्रणकक्षात बॅटरीचे दिवे होते. भिंतभर पसरलेला आमचा नकाशा, ज्यावर एरवी सगळ्या वाहिन्या शांत उजळलेल्या असतात, तो काळा पडून नुसता लुकलुकत होता. पाळीप्रमुख उभा राहून एका वेळी दोन फोनवर बोलत होता. त्याला आम्ही सबुरी म्हणतो, कारण तो प्रत्येक गोष्टीला "सबुरीनं घ्या" म्हणतो. आज तो ते म्हणाला नाही. "दक्षिणेची मोठी वाहिनी पहिली गेली," तो मला म्हणाला, "मग बाकीच्यांवर भार आला, मग पत्त्यांसारखं." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. ती वाहिनी किती भार सोसू शकते याची मर्यादा ठरलेली आहे. गेला सगळा आठवडा तिच्यावर मर्यादेबाहेर भार होता, कारण मोठ्या साहेबांनी मोबाइलवरून सांगितलं होतं, "थोडं ओढू द्या, उन्हाळा आहे, लोकांना दिवे हवेत." मोबाइलवरून. आमच्या टेबलावरच्या फोनवरून नाही. टेबलावरच्या फोनवर बोललेलं सगळं टेपवर जातं.

आणि टेबलावरच्या फोनची एक रीत आहे. कुणी हुकूम दिला की ऐकणाऱ्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, आणि देणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं. "बरोबर" आल्याशिवाय कुणीही कशालाही हात लावायचा नाही. याला आम्ही परतबोल म्हणतो. नव्याला ते पोरकट वाटतं. मला वाटलं नाही, कारण मी परतबोलातच वाढले. बाबा छापखान्यात होते आणि यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले होते. समोरच्याला आपलं बोलणं पोचलं की नाही हे त्यांना कळायचं नाही, म्हणून ते काहीही सांगितलं की विचारायचे, "काय म्हटलं मी?" आणि आम्ही त्यांच्यासमोर उभे राहून, ओठ दिसतील असे हलवत, परत म्हणायचो. दिवे मालव, दार लाव. दादा मुद्दाम म्हणायचा, दार मालवतो, दिवे लावतो. बाबा ओठ वाचून म्हणायचे, "चूक. परत." एकदा रागाच्या भरात ते दादाला म्हणाले, "चालता हो घरातून," आणि सवयीनं पुढे विचारून बसले, "काय म्हटलं मी?" दादा नुसता ओठ मिटून उभा राहिला. आणि बाबांच्या चेहऱ्यावरून हळूहळू सगळं उतरत गेलं. मला तेव्हाच कळलं होतं की ही रीत ऐकणाऱ्यासाठी नाही.

मागच्या सरावात धरणाशी मीच बोलले होते, म्हणून मायक्रोफोनचा पट्टा सबुरीनं माझ्याच डोक्यावर चढवला. आम्ही एकमेकांना केंद्राच्या नावानं हाक मारतो. मी 'मध्य'. डोंगरातल्या जलविद्युत केंद्रावरचा माणूस 'धरण'. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याचा खाकरा मी गर्दीत ओळखीन. सगळं जाळं बसतं तेव्हा बाहेरून वीज न घेता उठू शकेल असा तोच एकटा. दरवाजा उघडायचा, पाण्यानं चाक फिरतं. त्याची ती थोडीशी वीज एकाच वाहिनीनं कोळशावर, म्हणजे औष्णिक केंद्रावर, न्यायची, तिथले पंप आणि पंखे चालू करायचे, आणि बॉयलर गरम आहे तोवर पेटवायचा. गार पडला तर उद्यावर. मग कोळसा उठला की हळूहळू शहर. या सगळ्या वेळात धरणाच्या चाकावर एकाएकी मोठा भार पडला तर तेही बसतं, आणि दुसऱ्यांदा उठवायला उपकेंद्रांच्या बॅटऱ्यांत जीव उरलेला नसतो. हे मला झोपेतही सांगता येतं. जागेपणी मात्र, ओठाशिवाय, येत नव्हतं.

"मध्य, तुमचं बोलणं नीट येत नाही," धरण म्हणालं. "काय झालंय?"

"दात."

"काय?"

मी दोन बोटांनी माझाच खालचा ओठ धरला आणि प्रत्येक अक्षराला तो वरच्यावर दाबत बोलले. प, ब, म. दुसऱ्याच्या अंगाला हात लावावा तसा तो ओठ थंड, जाड आणि परका लागत होता. "धरण. एक क्रमांकाचं यंत्र. चालू करा. कोळशाच्या वाहिनीवर. फक्त तिच्यावर." तिकडून परतबोल आला, शब्दन् शब्द. "बरोबर," मी म्हटलं, ओठ धरून. नकाशावर डोंगरापासून कोळशापर्यंत एकच रेघ उजळली. इतक्या मोठ्या काळ्या भिंतीवर ती एक रेघ. माझ्या पडद्यावर सुराचा आकडा पन्नासच्या, म्हणजे जिथे तो असायला हवा त्याच्या, आसपास डुलत होता, नुकत्याच उभ्या राहिलेल्या मुलासारखा.

तेवढ्यात सबुरीनं मोबाइल छातीशी दाबून म्हटलं, "साहेब आहेत. नदीकाठ घ्यायला सांगतायत."

नदीकाठ म्हणजे सभागृह. तिथे त्या दिवशी बाहेरच्या देशांचे पाहुणे जमले होते, कॅमेरे होते, आणि सगळे अंधारात घाम पुसत बसलेले असणार. मी नकारार्थी मान हलवली. बंद पडलेली वस्ती परत चालू होते तेव्हा ती भुकेलेली असते. सगळे फ्रीज, सगळे पाण्याचे पंप, सगळ्या लिफ्ट एकदम उठतात; रोज लागतं त्याच्या कितीतरी पट ओढतात. नदीकाठच्या उपकेंद्रातल्या वाहिन्या अजून सुट्या केलेल्या नव्हत्या. तिथला माणूस एकेकीचा स्विच हातानं बंद करत होता. आता घेतलं तर सबंध नदीकाठ एका घासात धरणाच्या अंगावर. "टेपवर सांगा म्हणावं," मी म्हटलं. सबुरीनं डोळे मोठे केले. "अगं, असं कसं सांगू साहेबांना?" "माझं नाव घेऊन सांगा."

मग माझा मोबाइल वाजला. मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या अजून टिकून होत्या. दादा होता. दादाचा त्या दिवशी डायलिसिसचा वार आहे हे मला माहीत होतं, आणि त्याचं ते केंद्र नदीकाठच्या रुग्णालयात आहे हेही. सकाळपासून माहीत होतं. फक्त या दोन गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. अंधारात माणूस फर्निचर आठवून चालतो तशी मी त्यांना वळसा घालून चालत होते.

"ए शहाणे," तो म्हणाला, "तुझा कारखाना बंद पडलाय."

"तू कुठे आहेस?"

"खुर्चीत. अर्धं रक्त यंत्रात होतं, तेव्हाच गेली. इथे जनरेटर आहे, पण त्याला आज उठायचं नाहीये. नर्सबाईंनी हातानं चाक फिरवून रक्त परत घातलं. शिवणयंत्र चालवतात तसं. म्हटलं बाई, जरा टाच बारीक घाला." तो हसला आणि हसताना मध्ये थांबून त्यानं श्वास घेतला. तो थांबा मी ऐकला. माझे कान तसल्याच गोष्टींसाठी पगार घेतात. मागची खेप त्याची तापामुळे चुकली होती. अंगात पाणी साठलेलं असणार. आधी पायांत, मग फुफ्फुसांत.

"दुसरीकडे नेता येईल का?"

"कुठे? सगळीकडे तूच आहेस." मागून वहिनीचा आवाज आला, "तिला विचारा ना, तिच्या हातात असतं ना सगळं!" दादा म्हणाला, "ऐकलंस? तुझी बढती झाली." मग आवाज बदलून, "केव्हा?"

मला वाक्य जमत नव्हतं आणि त्याला ओठ कारण नव्हता. साहेब जे मागत होते तेच दादाला हवं होतं. एक बोट हलवायचं. हुकूम वरून आलेला, मला कुणी दोष दिला नसता. उलट चमचमत्या सभागृहात कुणीतरी माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या असत्या. आणि दादाचं यंत्र लागलं असतं. किती वेळ? मी हिशेब केला, कारण मला तो येतो, आणि येत नसता तर बरं झालं असतं. नदीकाठाचा भार पडता पडता धरणाचं चाक मंद होणार, सूर उतरणार, तसाच, माशांच्या पेटीतल्यासारखा, आणि रक्षक स्विच सगळं तोडून टाकणार. दादाचं रक्त पुन्हा यंत्रात गेलेलं असताना. आणि तेव्हा उद्या दुपारपर्यंत कुठेच काही नाही.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "आत्ता दिली तर परत जाईल. थोडं थांबावं लागेल तुला."

फोनवर त्याचा श्वास. "बरं. मी थांबतो. ठीक आहे मी." मग लहानपणच्या आवाजात, "काय म्हटलं मी?"

"तू ठीक आहेस."

"बरोबर," तो म्हणाला. दोघांनाही माहीत होतं की ते बरोबर नव्हतं.

साहेब स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. लिफ्ट बंद म्हणून जिने चढून आले होते. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मागे उभं राहून बोलायची त्यांची सवय आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यांचा चेहरा आठवत नाही, नुसती काहीतरी करायची घाई आठवते. "नदीकाठ द्या," ते म्हणाले.

"साहेब, कोळशाचा बॉयलर अजून—"

"मला शिकवू नका. या टेबलावर मी तुमच्या जन्माआधीपासून बसलोय."

ते खरं होतं. या खोलीत त्यांच्या जुन्या रात्रींच्या गोष्टी अजून सांगतात. म्हणूनच मला राग आला. ज्याला माहीत नाही त्याच्यावर काय रागवायचं? यांना सगळं माहीत होतं. धरण किती उचलेल, नदीकाठ किती ओढेल, गेल्या आठवड्यात दक्षिणेची वाहिनी का तापली होती. माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखी बोलायची, आणि ती करायला दुसऱ्याचं बोट वापरायचं. मी डोक्यावरून पट्टा काढला आणि मायक्रोफोन त्यांच्यापुढे धरला.

"यात बोला, साहेब. पद सांगा, हुकूम सांगा. मी परत म्हणते. आपण 'बरोबर' म्हणा. लगेच देते."

सबुरी कुजबुजला, "अगं, देऊन टाक ना, कशाला ताणतेस." साहेब मायक्रोफोनकडे बघत होते. मला अचानक बाबा आठवले, चालता हो म्हटल्यावर, दादाच्या मिटलेल्या ओठांकडे बघताना. स्वतःचं वाक्य परत ऐकू येण्याची भीती कशी दिसते ते मी लहानपणी पाहून ठेवलं होतं.

"तुमचं तोंड तरी धड चालतंय का," साहेब शेवटी म्हणाले. "काय बोलताय ते कळत नाही."

मी ओठ दोन बोटांत धरला. "बो-ला," मी म्हटलं, एकेक अक्षर ठासून. "टे-प-वर."

ते मायक्रोफोनपासून वळले. खिडकीशी जाऊन उभे राहिले, मोबाइलवर कुणाला तरी "तांत्रिक अडचण" समजावत. मी पट्टा पुन्हा डोक्यावर चढवला. धरण वाट बघत खाकरत होतं.

मग वाट बघणं. वाट बघण्याचं कुणी कौतुक करत नाही, कारण ते बाहेरून काही न करण्यासारखं दिसतं. कोळशाचा एक पंप लागला, सूर डुलला, सावरला. पंखा लागला, डुलला, सावरला. प्रत्येक डुलण्यासरशी मी दादाचा थांबलेला श्वास ऐकत होते. वहिनीचे फोन येत होते आणि मी ते घेत नव्हते. बाजूला पडलेला मोबाइल टेबलावर सरकत सरकत कडेला जाई आणि मी तो कोपरानं मागे ढकली. सुन्नपणा उतरायला लागला होता. आधी ओठात मुंग्या आल्या, मग दाताच्या भोकात एक बारीक, टोकदार, अगदी माझी अशी कळ उठली. "कोळसा बोलतोय," कानात नवा आवाज आला, दमलेला. "बॉयलर धरला. आता आम्ही आमच्या पायावर आहोत. थोडं थोडं द्यायला लागा."

नदीकाठच्या उपकेंद्राच्या माणसानं सगळ्या वाहिन्या सुट्या केल्याचं कळवलं होतं. रुग्णालयं आधी, हा नियमच आहे. तरी मी बटण दाबून टेपवर सांगितलं, "मध्य बोलतेय. नदीकाठची पहिली वाहिनी रुग्णालयाची. तिच्यावर माझा सख्खा भाऊ आहे. कुणाला हरकत असेल तर आत्ता सांगा." मग धरणाचा खाकरा आला. "नदीकाठ. रुग्णालयाची वाहिनी. तुमचा सख्खा भाऊ. हरकत नाही. द्या, बाई." सबुरीनं नाक शिंकरलं.

सूर उतरला, थोडासा, आणि तिथेच उभा राहिला. काही वेळानं मोबाइल टेबलावर थरथरला. मी घेतला. दादा नव्हता, वहिनी होती. "लावलंय यंत्र," एवढंच म्हणाली. मागे खरंच एक यंत्र एका सुरात चाललेलं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "लावलंय यंत्र." तिनं "बरोबर" म्हटलं नाही. फोन ठेवून दिला. ते नंतर बघू. तिच्या रागाला कारण होतं आणि मी ते तिच्याकडून काढून घेणार नव्हते.

सभागृहाची वाहिनी बऱ्याच वेळानं, तिच्या क्रमानं आली. तोवर पाहुणे निघून गेले होते. साहेब खिडकीपासून वळले. या खेपेला ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मायक्रोफोन माझ्या तोंडाशी होता आणि टेबलावरचा टेपचा लाल दिवा लागलेला होता. कोळशाशी बोलणं अजून चालूच होतं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा दमलेल्या माणसाला ते बघायचं नव्हतं.

"उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये या," ते म्हणाले. "हुकूम न मानल्याबद्दल काय करायचं ते ठरवू."

दाताची कळ कानापर्यंत पोचली होती. ओठ मात्र आता पूर्ण माझा होता. मी बोटं न लावता, सावकाश, प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हटलं.

"उद्या सकाळी आपल्या केबिनमध्ये यायचं. आज दुपारी आपण दिलेला नदीकाठचा हुकूम मी मानला नाही. त्याबद्दल काय करायचं ते ठरवायचं."

आणि थांबले. टेबलावर आयुष्य काढलेल्या त्या माणसाचे ओठ हलले. तो शब्द त्यांच्या तोंडून आपोआप सुटला, जसा माझ्याही सुटला असता.

"बरोबर."

लगेच त्यांचे डोळे लाल दिव्याकडे गेले. मी खुर्ची भिंतीकडे वळवली. नकाशावर अजून खूप काळं होतं. "कोळसा," मी म्हटलं, "पुढची वाहिनी घेऊ या."